एकवचनी

मनीषा दारात उभी राहिली ती आत येऊ का असं न विचारता, आणि शैलश्रीला पहिला राग आला तो याचाच. हुमनाबादच्या हमरस्त्याला लागून टायरच्या दुकानावर एक लांबट खोली होती. तिथं सरकारी भरतीच्या परीक्षांचा क्लास चालायचा. अकराची बॅच, साठेक मुलंमुली, चार पंखे, त्यातला एक कायमचा बंद, आणि खालून हैदराबादकडं जाणाऱ्या लॉऱ्यांचे हॉर्न. सोळा वर्षं शैलश्री या खोलीत इंग्रजी व्याकरण शिकवत आली होती. तिच्या वर्गात कुणी उशिरा येत नसे, कुणी जांभई देत नसे. आणि ही पोरगी, कोहिनूर गावची, दोन वर्षं पहिल्या बाकावर मान खाली घालून बसलेली, आज चौकटीला हात लावून अशी उभी होती जशी काही भाडं मागायला आलीय.

"काय गं?" शैलश्री म्हणाली.

"एक डाऊट हुता, म्याडम."

"क्लास सुटल्यावर ये."

"एकच हाय. नायदर द हेडमास्टर नॉर द टीचर्स. म्होरं वॉज का वेअर?"

शैलश्रीनं खडूही खाली ठेवला नाही. "नायदर आलं की क्रियापद एकवचनी. वॉज. किती वेळा सांगायचं?" तिच्यासोबत वर्गातल्या पाच-सहा जणांनीही 'वॉज' म्हटलं, तिनं शिकवल्यासारखंच, शेवटाला जोर देऊन.

"मी बी वॉजच लिवलं," मनीषा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "काल यादी लागली. एका मार्कानं नोकरी गेली माझी. उत्तर वेअर हुतं." मग ती सगळ्या वर्गाकडं बघून म्हणाली, "तुमी बी लिवून ठिवा," आणि जिना उतरून गेली. तिच्या चपला प्रत्येक पायरीवर वाजल्या. खाली टायरमध्ये हवा भरायचं यंत्र सुरू झालं आणि चपलांचा आवाज त्यात बुडाला.

शैलश्रीनं पुढची चाळीस मिनिटं वर्गाला वाक्यं लिहून घ्यायला लावली. एकामागून एक, श्वास न घेता. कुणी मान वर केली की ती त्याच्याकडं बघायची, मान परत खाली जायची. तिला ठाऊक होतं, ही सगळी आत्ता वहीत लिहीत नव्हती, तिच्याकडं बघत होती. डोळे न उचलता बघता येतं, हे तिला शाळेत असल्यापासून माहीत होतं.

घरी जाताना ती बाजाराच्या रस्त्यानं न जाता मागच्या गल्लीनं गेली. पाऊण वाजला होता, ऊन माथ्यावर होतं, भिंतींना सावली नव्हती. तिच्या डोक्यात मनीषाशी भांडण सुरू होतं आणि त्यात ती जिंकत होती. एका प्रश्नानं कुणाची नोकरी जात नसते. शंभर प्रश्न असतात. उरलेले कुणी चुकवले? तू. आणि हे असं वर्गात येऊन? दोन वर्षांत तुला कुणी बोट लावलं का? कन्नडच्या पेपरची भीती म्हणून इंग्रजीचा पेपर घेणाऱ्या मराठी शाळेतल्या पोरी तुम्ही; ए बी सी डी पासून कुणी बसवलं तुम्हाला? बोलता बोलता ती दोनदा मोठ्यानं बोलली असावी, कारण पाण्याच्या टाकीपाशी कपडे धुणारी एक बाई पिळलेलं लुगडं हातात धरून तिच्याकडं बघत राहिली. शैलश्रीनं तिच्याकडंही तुच्छतेनं पाहिलं. पण या भांडणात एक जागा अशी होती जिच्याजवळ ती गेली की तिचे शब्द अडत होते, आणि ती वळसा घालून पुढं जात होती. वीस दिवसांपूर्वी उत्तरतालिका लागली तेव्हा मनीषाचाच फोन आला होता. म्याडम, त्यांनी वेअर दिलंय. तेव्हा शैलश्री हसली होती. बेंगळूरला बसलेल्यांना काय कळतंय, म्हणाली होती. आन्सर-की चुकीची आहे, हरकत घे, माझ्या नोट्सचं पान जोड. पोरीनं पान जोडलं. नोट्सच्या त्या पानावर खाली शैलश्रीचं नाव छापलेलं होतं. हरकत फेटाळली, एका ओळीत. तेही मनीषानं कळवलं होतं. आणि तरी शैलश्रीनं पुस्तक उघडून बघितलं नव्हतं. फेटाळल्याच्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतरच्या दहा दिवसांत नाही. का नाही बघितलं? इथं ती अडत होती.

घर रिकामं होतं. नवरा, महेशकुमार, कलबुर्गीला नोकरीला. महिन्यातून दोनदा यायचा. तिनं जेवण झाकलेलंच ठेवलं आणि पलंगावर पडली, आणि तिला माहेरच्या गावची, मादन हिप्परग्याची शाळा दिसायला लागली, जी तिला दिसायला नको होती. सातवीचा वर्ग. कौलं तापलेली. बसवंतप्पा मास्तर गावात एकटेच असे होते ज्यांना इंग्रजी पत्र वाचता यायचं; तहसीलचा कागद आला की लोक तो घेऊन त्यांच्या ओट्यावर बसत. तिचे वडील शरणप्पा, भुसार दुकानवाले, कुणापुढं न वाकणारे, तेही मास्तरांपुढं टोपी काढत. मास्तरांनी फळ्यावर वाक्य लिहिलं, गाळलेली जागा भरा. तिनं वेअर लिहिलं. कसा लिहिला होता तो शब्द? कुठल्या नियमानं? नियम तिला येतच नव्हता. दुकानात दिवसभर हेच ऐकलेलं होतं, आज ना अडत्या आला ना गाड्या आल्या; गाड्या म्हटलं की जीभ आपोआप आल्याकडं वळायची. टीचर्स खूप होते म्हणून वेअर. मास्तरांनी तिला उभं केलं, हात पुढं करायला लावला, आणि डस्टरच्या लाकडी कडेनं बोटांच्या सांध्यावर चार वेळा मारलं. प्रत्येक वेळी म्हणाले, वॉज. करंगळीचं नख काळं पडून महिन्यानं गळलं. घरी तिनं सांगितलं दारात सापडलं. पण मारण्याची तिला कधी चीड आली नव्हती, आणि हे तिला आज पडल्या पडल्या कळत होतं. कारण दुसऱ्या दिवशी तिनं वॉज लिहिलं आणि मास्तरांनी तिची वही उचलून साऱ्या वर्गाला दाखवली. अशी पायजे, म्हणाले. सगळी पोरं तिच्याकडं बघत होती. ते सुख एवढं होतं की त्यापुढं नख काहीच नव्हतं. त्या दिवसापासून ती चुकली नाही. शाळेत नाही, कॉलेजात नाही, सासरी नाही. लोक म्हणायचे, शैलश्रीचं इंग्रजी म्हणजे रेघ. मास्तर निवृत्त झाले तेव्हा सत्काराचं भाषण तिनंच केलं होतं, इंग्रजीत, आणि गावातल्या कुणालाच ते कळलं नव्हतं. मास्तर मात्र मान डोलावत होते. त्यांना तरी कळलं होतं का, हा विचार तिला पहिल्यांदाच आला आणि ती उठून बसली.

कपाटात वरच्या खणात जाड व्याकरण होतं, कॉलेजात बक्षीस मिळालेलं, खाकी कव्हर घातलेलं. जे आपल्याला येतंच ते पुन्हा कशाला वाचायचं, म्हणून ते बारा वर्षांत उघडलं नव्हतं. पानं एकमेकांना चिकटली होती. तिनं धडा काढला. नुसतं नायदर एकटं आलं, दोघांपैकी एकही नाही अशा अर्थानं, तर क्रियापद एकवचनी. हा एक नियम. आणि त्याखाली, वेगळ्या आकड्याखाली, दुसरा: नायदर-नॉर, आयदर-ऑर अशी जोडी दोन कर्त्यांना जोडते तेव्हा जो कर्ता क्रियापदाच्या जवळ, क्रियापद त्याच्यासारखं. उदाहरणं दिली होती. एकात जवळचा कर्ता एकवचनी होता, एकात अनेकवचनी. मास्तरांनी एका नियमाच्या पोटात दुसरा कोंबला होता आणि तिनं तो सोळा वर्षं जसाच्या तसा वाटला होता. ती छपाईची चूक शोधत पुन्हा पुन्हा वाचत राहिली. मग दुसरं पुस्तक काढलं. मग मोबाइल. सगळे तेच सांगत होते आणि प्रत्येकाचा तिला राग येत होता, जणू हे सगळे आपसात ठरवून आज तिच्या घरात शिरले होते.

संध्याकाळी क्लासच्या मालकाचा फोन आला. चन्नवीर तिच्याहून आठ वर्षांनी लहान, तिचाच जुना विद्यार्थी.

"अक्का, त्या पोरीला आत कुणी सोडलं?"

"नियम चुकीचा आहे, चन्नवीर."

मग त्यानं विचारलं, "कुणाकुणाला ठाऊक हाय?"

"मला."

"मग तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. सोमवारी नवी बॅच हाय. नोट्स छापून आल्यात. म्होरच्या छपाईत गुपचूप दुरुस्त करू, कुणाला कळतंय? आन् विचारलंच कुणी, तर आन्सर-की चुकीची हुती म्हणायचं. व्हय न्हाई?"

"तुलाही मी हेच शिकवलं होतं," ती म्हणाली.

"माझं काई बिघडलं न्हाई, अक्का." तो हसला. "मी कुठं परीक्षा पास झालो?"

रविवारी सकाळी ती बसवकल्याणच्या बसमध्ये बसली तेव्हा माफी मागायचं तिच्या मनात नव्हतं, हे सांगायलाच हवं. ती हिशेब चुकता करायला निघाली होती. मनीषाचे गुण तिनं यादीत बघितले होते. इंग्रजीच्या पेपरात एकतीस उत्तरं चुकलेली. त्यातलं एक तिचं, तीस पोरीची. हे वाक्य तिनं बसभर घोळवलं. बसवकल्याणहून कोहिनूरपर्यंत टमटम मिळाली, मागं खताची पोती आणि दोन म्हाताऱ्या. तुरीची रानं कापून मोकळी पडली होती, धुरळा उडत होता. म्हाताऱ्यांनी विचारलं कुणाकडं, तिनं सांगितलं, आणि त्या गप्प झाल्या. त्यांच्या गप्प होण्यातसुद्धा तिला काहीतरी दिसलं. गावाला कळलंय, तिला वाटलं. मग वाटलं, या म्हाताऱ्यांना काय कळणार. मग वाटलं, कळलंय.

अंगणात मनीषाची आई बाणूबाई सुपानं तुरी पाखडत होती. उंच, हाडकुळी बाई. शैलश्रीनं आपलं नाव सांगितलं. बाणूबाईचे हात थांबले नाहीत. भुसा वाऱ्यावर येऊन शैलश्रीच्या साडीवर, ओठांवर बसत होता, आणि सरकून उभं राहिलं तर हार मानल्यासारखं होईल म्हणून ती सरकत नव्हती.

"बसा म्हणायची न्हाई मी," बाणूबाई म्हणाली. "राग मानू नगा."

"मी मनीषाला भेटायला आलेय."

"भेटा की. घरीच हाय आता." सूप एकदा आपटलं. "हिचा बाप मेंढरामागं जन्मभर हिंडला. आमाला इंग्रजी येत न्हाई, म्हणून तर तुमच्याकडं धाडली, बाई. चुकीचंच शिकवायचं हुतं तर आमी घरी शिकिवलं असतं."

मनीषा आतून आली. तिच्या हातात पीठ होतं. तिनं ते झटकलं आणि पाणीही न विचारता उंबऱ्यावर उभी राहिली. शैलश्रीनं पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "तुझी एकतीस उत्तरं चुकलीत, मनीषा. एकावर खापर फोडू नकोस."

"तीस माझी हायत," मनीषा म्हणाली. "ती मी कुणाला मागायलेय? हे एक तुमचं हाय."

"माणूस चुकतो."

"थांबा."

ती आत गेली आणि वही घेऊन आली. दोनशे पानी, कोपरे दुमडलेली. पान तिला शोधावं लागलं नाही. निळ्या शाईत, बारीक अक्षरात, मनीषानं नियम लिहिला होता: जवळचा कर्ता बघावा. खाली दोन उदाहरणं, दोन्ही बरोबर. त्यावर आडवी लाल रेघ, कागद फाटेल इतकी दाबून मारलेली, आणि समासात शैलश्रीचं लफ्फेदार अक्षर: फूटपाथवरची पुस्तकं वाचू नयेत.

तिला ते आठवत नव्हतं, आणि मग सगळं आठवलं. पहिल्याच महिन्यातली गोष्ट. ही पोरगी उभी राहून म्हणाली होती, म्याडम, बसवकल्याणच्या लायब्ररीतल्या पुस्तकात दुसरंच हाय. आवाज थरथरत होता. शैलश्रीनं वही मागून घेतली होती, ती उंच धरून सगळ्यांना दाखवली होती, आणि काहीतरी बोलली होती ज्यावर साठ जण हसले. काय बोलली होती? मेंढरांबद्दल काहीतरी. तिला तेव्हा छान वाटलं होतं. वर्ग हातात आल्यासारखा. वही उंच धरलेल्या हाताला जे वाटलं ते तिला आत्ता अंगणात पुन्हा जाणवलं. तिच्या हातात तेव्हा डस्टर नव्हता, एवढंच.

"तुमी चुकलाव त्याचा राग न्हाई मला," मनीषा म्हणाली. "मी बरोबर हुते. मला ठाऊक हुतं आन् मी बी ते मनातनं खोडलं. परीक्षेत बी आधी वेअरच्या गोलावर पेन ठिवला हुता. मग तुमी दिसलाव." ती थांबली. "पेन काढून वॉजवर नेला मी. मी नेला."

बाणूबाईचं सूप थांबलं होतं. शेजारच्या घरात कुणीतरी कन्नडमध्ये फोनवर मोठ्यानं हसत होतं.

"मी उद्या वर्गात सांगीन," शैलश्री म्हणाली. "सगळ्यांपुढं."

"सांगा न्हाईतर नगा सांगू. मी उद्यापासून हुमनाबादला कंपनीत जायलेय, पॅकिंगला. थितं वॉज बी लागत न्हाई, वेअर बी लागत न्हाई."

"पुढच्या भरतीची तयारी मी करून घेते. फुकट. घरी ये माझ्या."

मनीषा पहिल्यांदाच हसली, आणि ते हसू शैलश्रीला कुठल्याही शिवीपेक्षा लागलं. "अजून तुमच्याकडंच शिकू?" ती म्हणाली.

शैलश्रीनं वहीचं ते पान मागितलं. कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं. मनीषानं वही मिटून पोटाशी धरली आणि नाही म्हणून मान हलवली. बाणूबाईनं सूप उचललं. भुसा पुन्हा उडायला लागला. शैलश्री टमटमच्या रस्त्याला लागली तेव्हा तिच्या केसांत, कानांत, ब्लाउजच्या बाहीत तो टोचत होता, आणि तिला मनीषाचा रागच येत होता, अजूनही, पूर्वीपेक्षा जास्त. माफी मागायला जागा न ठेवणाऱ्या माणसाचा येतो तसा. बसमध्ये तिनं ठरवलं, सांगायचं नाही. बसवकल्याण सुटल्यावर ठरवलं, सांगायचं. हुमनाबादला उतरेपर्यंत ती चार वेळा फिरली होती, आणि रात्री झोप लागली तेव्हा न सांगण्याच्या बाजूला होती.

सोमवारी वर्ग भरलेला होता. नवी मुलं पुढं, जुनी मागं, प्रत्येकाच्या हातात ताज्या शाईच्या वासाच्या नोट्स. चन्नवीर मागच्या भिंतीला टेकून उभा होता, इस्त्रीचा शर्ट, तोंडावर स्वागताचं हसू. त्यानं तिची ओळख करून दिली. सोळा वर्षांचा अनुभव, म्हणाला. या भागात म्याडमच्या व्याकरणाला तोड नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून तिला बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटलं हे तिनं पाहिलं. तेवढ्यावरच ती बोलली असावी, कारण दुसरं काही कारण तिला पुढंही कधी सापडलं नाही.

"पान त्रेचाळीस काढा," ती म्हणाली. "तिथला नियम चुकीचा आहे. खोडा."

पानं उलटल्याचा आवाज झाला. चन्नवीर भिंतीपासून सुटला. "छपाईत जरा गडबड झालीय," तो मोठ्यानं म्हणाला. "म्याडम तीच सांगायल्यात."

"छपाईची नाही. माझी." तिनं फळ्यावर दोन्ही नियम लिहिले, वेगवेगळे, आकडे घालून. तिचा हात स्थिर होता. "सोळा वर्षं मी हे चुकीचं शिकवलं. मनीषा नावाच्या मुलीनं मला बरोबर नियम दाखवला होता. मी तिला वर्गात हसवलं. म्हणजे, तिच्यावर वर्गाला हसवलं. तिची नोकरी या प्रश्नावर गेली."

मागच्या बाकावर तिशीचा एक गडी बसला होता, तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "गेल्या साली मी बी वॉजच लिवलं की," आणि नोट्स मिटून, पिशवी उचलून निघून गेला. त्याच्यामागं आणखी दोघं उठले. चन्नवीर त्यांच्यामागं जिन्यापर्यंत गेला, दारातून जाताना तो तिला हळूच म्हणाला, "अक्का, खाली या. क्लास झाला." खालून त्याचा कुणालातरी समजावण्याचा आवाज येत राहिला.

शैलश्री फळ्यापाशी उभी होती. तिला वाटलं होतं, बोलल्यावर काहीतरी सुटेल. काही सुटलं नाही. साठ चेहरे तिच्याकडं बघत होते, आता डोळे वर करून, सरळ. कुणाच्याच नजरेत दया नव्हती, आणि ती असती तर तिनं तिचाही तिरस्कार केला असता. दुसऱ्या बाकावर सौम्या नावाची एक नवी मुलगी होती, आजच पहिला दिवस, नाव नोट्सवर ठळक लिहिलेलं. तिनं हात वर केला. बोल म्हणायची वाट तिनं पाहिली नाही.

"म्याडम, आणखी काय काय चुकीचं हाय ह्यात?"

प्रश्नात खोच नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पेन उघडून, टोक कागदाजवळ धरून ती थांबली होती, आणि तिच्यासारखेच बाकीचे. शैलश्रीनं टेबलावरच्या नोट्स उघडल्या. पहिलं पान. पहिला नियम, तिनंच लिहिलेला, डोळे मिटून म्हणता येईल असा. तिनं तो मनात वाचला. पुन्हा वाचला. साठ जण वाट बघत होते, आणि तो बरोबर आहे की नाही हे तिला सांगता येईना.